परवाना कोणाचा, सही कोणाची?



२०२३ सालच्या जून महिन्यात कॅनडातल्या मिसिसागा शहरात, तिथल्या सीमा सेवा खात्याच्या कार्यालयासमोर भारतीय विद्यार्थी धरणे धरून बसले होते. बहुतेक पंजाबचे. काही वर्षांपूर्वी जालंधरच्या एका एजंटाने त्यांची फाइल लावली होती. व्हिसा आला, मुले कॅनडात उतरली, आणि मग एजंटाचा निरोप आला: ज्या कॉलेजात प्रवेश होता तिथल्या जागा भरल्या आहेत, दुसरीकडे प्रवेश घ्या. काहींना त्याने फीचे पैसे परतही केले, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही. मुलांनी दुसऱ्या कॉलेजात शिक्षण पूर्ण केले, नोकऱ्या धरल्या, कर भरले. पुढे कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी अर्ज केला तेव्हा जुनी कागदपत्रे तपासली गेली आणि उलगडा झाला, की व्हिसाच्या अर्जाला जोडलेले प्रवेशपत्र त्या कॉलेजने कधी दिलेच नव्हते. हद्दपारीच्या नोटिसा मुलांच्या नावाने निघाल्या.

एजंटाच्या नावाने का निघाल्या नाहीत? कारण त्या अर्जांवर एजंटाचे नावच नव्हते. पैसे त्याने घेतले, कागद त्याने जमवले, मजकूर त्याने भरला. पण सरकारदरबारी प्रत्येक मुलाने आपला अर्ज आपणच केला होता. खोट्या कागदाची जबाबदारीही अर्थातच अर्जदाराची. कॅनडाच्या कायद्यात अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते.

हे प्रकरण गाजले म्हणून पुढे हालचाल झाली. कॅनडा सरकारने सरसकट हद्दपारी थांबवली आणि एकेक प्रकरण तपासण्यासाठी पथक नेमले. फसवणारा एजंट कॅनडातच पकडला गेला. २०२४ च्या मे महिन्यात व्हँकुव्हरच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची त्या कॉलेजकडून थेट खातरजमा करण्याचा नियम आला. हे सगळे चांगले झाले. पण ज्यांची तारुण्यातली चार-पाच वर्षे आणि आईबापांची जमीन या व्यवहारात गेली, त्यांच्यासाठी ते उशिरा झाले.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देत. लिहिल्यावर अर्ज मोठ्याने वाचून दाखवत, अंगठा उठवायच्या आधी समोरच्याला तो समजला की नाही हे विचारत, आणि खाली ‘लिहिणाराची सही’ म्हणून स्वतःचे नाव घालत. आजच्या विषयाचा गाभा त्या सवयीत आहे. दुसऱ्याचा अर्ज लिहिणाऱ्याने आपले नाव लिहिले पाहिजे. आणि अर्ज लिहून घेणाऱ्याने ते नाव खरे आहे का, हे पैसे देण्याआधी पाहिले पाहिजे.

परदेशी जाण्यासाठी सल्लागार हवाच असतो असे नाही. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांचे अर्ज सरकारी संकेतस्थळांवर मोफत मिळतात आणि हजारो लोक ते स्वतः भरतात. सल्लागार घेतला म्हणून फाइल लवकर सुटत नाही, की अधिकारी झुकते माप देत नाही. तरीही सल्लागाराची गरज खरी असते. नियम सतत बदलतात, इंग्रजी कायदेशीर असते, एका चुकीच्या रकान्यामुळे अर्ज परत येतो, आणि आधी एकदा नकार मिळाला असेल तर प्रकरण गुंतागुंतीचे होते. चांगला सल्लागार अशा वेळी पैशाचे मोल देतो. प्रश्न आहे तो चांगला कोणता आणि पाटी लावून बसलेला कोणता, हे ओळखण्याचा.

सुरुवात कामांच्या फरकापासून करावी लागते, कारण आपल्याकडे सगळ्यांनाच ‘एजंट’ म्हणतात. कॉलेजात प्रवेश मिळवून देणारा वेगळा. व्हिसाविषयी सल्ला देऊन सरकारपुढे अर्जदाराची बाजू मांडणारा वेगळा. आखातात किंवा इतरत्र नोकरीसाठी माणसे भरती करणारा वेगळा. जहाजावर खलाशी पाठवणारा वेगळा. व्हीएफएससारख्या व्हिसा-अर्ज केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे घेणारे तर निव्वळ स्वीकारणारे. निर्णय त्यांच्या हाती नसतो. या प्रत्येकासाठी परवाना देणारी संस्था निराळी आहे. म्हणून ‘आमच्याकडे लायसन आहे’ एवढ्यावर थांबता येत नाही. कशाचे, कोणी दिलेले, आणि आज चालू आहे का, हे तीन प्रश्न पाठोपाठ विचारावे लागतात.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या कार्यालयांच्या भिंतीवर जी प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली असतात, ती जवळ जाऊन वाचावीत. शॉप ॲक्टचा दाखला असतो. तो दुकान थाटल्याचा. जीएसटी क्रमांक असतो. तो कर भरण्यासाठीचा. उद्यम नोंदणी असते; ती लघुउद्योग असल्याची. आयएसओचे प्रमाणपत्र असते. ते कामकाजाच्या पद्धतीविषयीचे. यातला एकही कागद इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार देत नाही. ‘दूतावासमान्य’ अशी पाटी असेल तर अधिकच सावध व्हावे, कारण व्हिसा मिळवून देण्याचा अधिकार दूतावास कोणत्याही खासगी एजंटाला देत नाहीत.

कॅनडाचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण ही गोष्ट नीट बसवण्यासाठी त्या देशाला तीनदा प्रयत्न करावा लागला. २००४ साली सल्लागारांवर देखरेखीसाठी पहिली संस्था कामाला लागली. तिच्याविषयी तक्रारी वाढल्या म्हणून २०११ मध्ये तिच्या जागी दुसरी आली. २०१७ मध्ये संसदेच्या समितीने त्या व्यवस्थेवरही कडक ताशेरे ओढले आणि सगळे नव्याने मांडायला सांगितले. अखेर कायदा करून कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स ही संस्था उभी राहिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे काम सुरू झाले. नावात कॉलेज असले तरी इथे कोणी शिकायला जात नाही. व्यावसायिकांना परवाने देणारी आणि चुकल्यास ते काढून घेणारी ही नियामक संस्था आहे.

त्या देशाच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ९१ स्पष्ट आहे. मोबदला घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधी होण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: कॅनडातल्या प्रांतांच्या विधी संस्थांचे सदस्य असलेले वकील, ऑन्टारियोतले परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकमधले नोटरी, आणि या कॉलेजचे परवानाधारक सल्लागार, ज्यांना आरसीआयसी म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची सनद असलेला वकील इथल्या न्यायालयात कितीही नावाजलेला असो, कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन प्रतिनिधी होण्याचा अधिकार त्याला त्या सनदेने मिळत नाही.

या कलमातला एक शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे: मोबदला घेऊन सल्ला ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ कसाही दिला तरी कलम लागू होते. शहरांतल्या अनेक कार्यालयांत ‘आमचा सल्ला मोफत’ असे लिहिलेले असते. तिथे विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत हे खरे असते, पण विद्यार्थी दाखल झाला की कॉलेजकडून एजंटाला कमिशन मिळते. कोर्स कोणता आहे, फी किती आहे, वसतिगृह कुठे आहे, हे त्याने सांगणे ठीक. व्हिसाच्या अर्जात काय लिहायचे, बँकेतली रक्कम कशी दाखवायची, हे तो सांगू लागला की तो परवान्याच्या क्षेत्रात शिरतो. शिवाय कमिशन देणाऱ्या कॉलेजांकडेच मुलांना वळवण्याचा मोह तिथे असतो. म्हणून ‘तुम्हाला कोणत्या कॉलेजांकडून कमिशन मिळते’ हा प्रश्न पालकांनी सरळ विचारावा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

परवाना तपासायला पाच मिनिटे लागतात. कॅनडाच्या सल्लागाराचा क्रमांक ‘आर’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे सहा आकडे असतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर सार्वजनिक नोंदवही आहे. तिच्यात नाव किंवा क्रमांक टाकला की परवाना चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाला आहे ते दिसते. शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथे कळते. परवान्याचा वर्गही पाहावा. विद्यापीठांत काम करणाऱ्या काही सल्लागारांचा परवाना फक्त विद्यार्थ्यांच्या कामापुरता असतो. तिथल्या इमिग्रेशन आणि निर्वासित मंडळापुढे बाजू मांडण्यासाठी वेगळा, वरचा वर्ग लागतो.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. एजंटाने पाठवलेली लिंक उघडून त्याचाच परवाना तपासणे ही तपासणी होत नाही, कारण अधिकृत वाटणारी बनावट पाने तयार करता येतात.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. क्रमांक खरा असतो, माणूसही खरा असतो, पण तो समोर बसलेला नसतो. टोरांटोतल्या किंवा व्हँकुव्हरमधल्या एखाद्या सल्लागाराचे नाव आणि क्रमांक इथल्या पाटीवर लिहिलेला असतो, आणि कधीकधी त्या सल्लागाराला याची गंधवार्ताही नसते. त्यावर उपाय साधा आहे. नोंदवहीत त्या सल्लागाराचा जो ईमेल किंवा फोन दिला आहे, त्यावर स्वतः संपर्क साधावा आणि विचारावे: अमुक शहरातले हे कार्यालय तुमचे आहे का? माझी फाइल तुम्ही स्वतः पाहणार आहात का? व्हिडिओ कॉलवर बोलायला वेळ द्याल का? प्रामाणिक सल्लागार या प्रश्नांचे स्वागत करतो, कारण त्याच्या क्रमांकाचा गैरवापर होऊ नये ही काळजी त्यालाही असते.

त्यानंतर येतो आयएमएम ५४७६ हा फॉर्म. प्रतिनिधी नेमल्याची माहिती सरकारला देणारा हा कागद. त्यात सल्लागाराचे नाव, परवाना क्रमांक आणि सही असते. मामा किंवा मित्र फुकट मदत करत असला, तरी तो प्रतिनिधी म्हणून काम पाहणार असेल तर त्याचेही नाव याच फॉर्मवर द्यावे लागते. ‘हा फॉर्म भरायची गरज नाही, तुमच्याच नावाने टाकू, लवकर होते’ असे कोणी म्हणाले, की समजावे, जबाबदारी आपल्या गळ्यात टाकून तो मोकळा होतो आहे. जालंधरच्या प्रकरणात नेमके हेच झाले होते. फाइल कोण हाताळतो हे सरकारला कळू न देणाऱ्या अशा लोकांना कॅनडात ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात.

परवाना म्हणजे हुशारीची हमी नव्हे. परवानाधारकही चुकतात, काही फसवतातही. परवान्याने एवढेच होते, की चूक झाली तर जाब विचारायला जागा मिळते. तक्रार नोंदवता येते, चौकशी होते, दंड होतो, परवाना जातो. ज्याला काही गमवायचेच नाही, अशा माणसाच्या हाती मुलाचा पासपोर्ट आणि आयुष्याची पुंजी देण्यात जो धोका आहे, तो परवान्याने कमी होतो. फी देताना आपण ज्ञानाइतकीच ही उत्तरदायित्वाची किंमत मोजत असतो.

नोकरीच्या वाटेनेही हेच जाळे पसरते. कॅनडात परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला एलएमआयए नावाचा मंजुरीचा दाखला काढावा लागतो. त्याची एक हजार डॉलरची सरकारी फी मालकाने भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. प्रत्यक्षात हे दाखले विकले जाऊ लागले, कारण पीआरसाठीच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या गुणपद्धतीत नोकरीच्या पत्रामुळे ५० किंवा २०० गुण वाढत. शेवटी कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून ते गुणच काढून टाकले. ज्यांनी प्रामाणिकपणे नोकरी मिळवली होती, त्यांचेही गुण त्या दिवशी गेले. बनावट कागदांचा बाजार शेवटी खऱ्या अर्जदारांचेही नुकसान करतो, हे इथे ढळढळीत दिसले.

इतर देशांचे नियम थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्यांवर देखरेख आली. जानेवारी २०२५ पासून त्या नियामक संस्थेचे नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी असे झाले आहे. सल्लागारांचे तीन स्तर आहेत: साधे अर्ज पहिल्या स्तरात, आणि न्यायाधिकरणापुढची अपिले तिसऱ्यात. धर्मादाय संस्था फुकट सल्ला देत असली तरी तिलाही नोंदणी लागते. मात्र हा कायदा ब्रिटनमध्ये दिलेल्या सल्ल्यापुरता आहे. कोथरूडमध्ये बसून ब्रिटनच्या व्हिसाविषयी सांगणारा त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटाला सात आकडी क्रमांक असतो, त्याला मार्न म्हणतात. नोंदवही सार्वजनिक आहे, आणि नोंदणीकृत एजंटाने काम घेण्याआधी ग्राहकाला त्याच्या हक्कांची माहितीपुस्तिका देणे व लेखी करार करणे बंधनकारक आहे. देशाबाहेर बसलेल्या एजंटावर मात्र नोंदणीची सक्ती नाही. न्यूझीलंडने अधिक कडक मार्ग धरला. २००७ च्या कायद्याखाली परदेशांतून सल्ला देणाऱ्यांनाही २०१० पासून परवाना लागतो. बाहेरून फक्त विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना सूट आहे. म्हणजे पुण्यातला माणूस न्यूझीलंडच्या वर्क व्हिसाचा सल्ला देत असेल तर त्याच्याकडे न्यूझीलंडचा परवाना मागायचा पूर्ण हक्क ग्राहकाला आहे.

अमेरिकेत सल्लागाराचा असा देशव्यापी परवाना नाही. तिथे वकील लागतो, किंवा मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेत काम करणारा, न्याय खात्याने अधिकृत केलेला प्रतिनिधी. त्याने जी-२८ हा फॉर्म भरून आपले नाव सरकारकडे नोंदवायचे असते. वकिलाचा परवाना त्याच्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर पाहता येतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ असतात, पण त्यांना एक लाख डॉलरचा बाँड भरावा लागतो आणि फॉर्ममध्ये सांगितलेली माहिती भरण्यापलीकडे कायदेशीर सल्ला देता येत नाही.

आता घरच्या अंगणात. भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी ई-मायग्रेट या पोर्टलवर आहे. परवाना चालू आहे की संपला, स्थगित की रद्द, हे तिथे दिसते. बेकायदा एजंटांची यादीही मंत्रालय प्रसिद्ध करते. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. आखातात जाण्यासाठी दीड-दोन लाख रोख मोजल्याच्या कहाण्या खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या भागांत घरोघरी ऐकायला मिळतात. त्या रकमेतला मोठा वाटा बहुतेकदा मधल्या सब-एजंटाचा असतो, आणि या सब-एजंटाला कायद्यात जागाच नाही.

दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, असा शेरा असतो. ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना अशा कामगाराला उत्प्रवास संरक्षक, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी लागते. हे पद एकोणिसाव्या शतकातल्या गिरमिटिया मजुरीच्या काळापासूनचे आहे. त्या काळात कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे आहेत. ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो’ असे सांगणारा एजंट हीच तपासणी चुकवत असतो. तपासणी चुकली की करार नोंदला जात नाही, विमा लागू होत नाही, आणि पगार थकला तर हाताशी पुरावा राहत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यातून जहाजावर जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी नोंदवही आहे. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून जहाजावर चढवण्यासाठी लाखो रुपये मागणाऱ्याचा परवाना तपासण्याचीही गरज उरत नाही. मागणीच बेकायदा आहे.

विद्यार्थी व्हिसा आणि पीआरचा सल्ला देणारे मात्र १९८३ च्या कायद्याच्या चौकटीत बसत नाहीत, कारण तो कायदा नोकरभरतीचा आहे. ही मोठी फट आहे. पंजाबने २०१२ मध्ये राज्याचा कायदा करून व्हिसा सल्लागार, तिकीट एजंट आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास यांना जिल्हा प्रशासनाचा परवाना बंधनकारक केला. हरियाणाने २०२५ मध्ये असा कायदा केला. पंजाबात कायदा असूनही जालंधरचे प्रकरण घडले, हे विसरता येत नाही. कायद्याला विचारणाऱ्या ग्राहकाची जोड लागते.

हे प्रश्न महाराष्ट्रापासून दूर नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधल्या सायबर गुन्हेगारीच्या छावण्यांतून साठहून अधिक भारतीयांना सोडवले. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी असे सांगून त्यांना नेण्यात आले होते. समाजमाध्यमांवरून संपर्क, घाईची मुलाखत, तिकीट हातात, आणि पलीकडे सीमा ओलांडून बंदिवास. त्या भरती करणाऱ्यांचे नाव ई-मायग्रेटवर शोधायचे कोणाला सुचले असते तर?

सुचत का नाही, याचा विचार इथे जमलेल्या वडीलधाऱ्यांनी करायला हवा. आपल्याकडे एजंट बहुधा ओळखीतून येतो. मेव्हण्याच्या मित्राने त्याच्याकडून फाइल लावली होती, शेजारच्या वाडीतला मुलगा त्याच्यामार्फत गेला, तो आपल्याच तालुक्यातला आहे. अशा माणसाला परवाना विचारणे म्हणजे ओळख देणाऱ्यावर अविश्वास दाखवणे, असे घरात वाटते. वडील संकोचतात, आई गप्प राहते, आणि ज्याच्या नावाने अर्ज जाणार तो मुलगा आपल्याच अर्जात काय लिहिले आहे ते न वाचता सही करतो. हा संकोच मोडला पाहिजे. हळदीच्या बेण्याची पारख शेतकरी सख्ख्या भावाच्या दुकानातही करतो. त्यात नात्याचा अपमान होत नाही.

पैसे देण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. परवाना नोंदवहीत पाहावा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवावी. लेखी करारात कोणते काम, किती फी, किती टप्प्यांत, नकार आल्यास किती परत, आणि सरकारी फी वेगळी की धरून, हे असावे. पैसे बँकेतून द्यावेत. अर्जासाठीचा ईमेल अर्जदाराचा स्वतःचा असावा. एजंटाने उघडलेल्या ईमेलवर सरकारचे पत्र आले तर ते अर्जदाराला कळतच नाही. अर्ज जाण्याआधी त्याची पूर्ण प्रत मागून प्रत्येक पान वाचावे, विशेषतः नोकरीचा अनुभव आणि बँकेतली शिल्लक. कॉलेजचे प्रवेशपत्र आले की कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर लिहून ते खरे आहे का विचारावे. मूळ पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका एजंटाच्या कपाटात ठेवू नयेत. आणि ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ असे शब्द कानी पडले तर उठून बाहेर यावे, कारण निर्णय परदेशी अधिकाऱ्याचा असतो आणि त्याची हमी कोणीही प्रामाणिक सल्लागार देत नाही.

ज्यांची फसवणूक आधीच झाली आहे, त्यांनी लाजेने गप्प बसू नये. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देता येते, ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. परवानाधारक सल्लागाराने फसवले असेल तर त्याच्या देशातल्या नियामक संस्थेकडे इथून ऑनलाइन तक्रार करता येते. परदेशात अडकलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे मदद पोर्टल आहे, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे १८०० ११ ३०९०. करार, पावत्या, बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवले असतील तर प्रकरण उभे राहते. चुकीचा कागद आपल्या अर्जात गेला आहे असे वेळेत लक्षात आले, तर लपवून न ठेवता खऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन सरकारला आधी आपण कळवणे, हा मार्ग पुष्कळदा अधिक सुरक्षित असतो.

शेवटचा मुद्दा सार्वजनिक कामाचा आहे. बारावीचे निकाल लागले की शहरोशहरी परदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात. आयोजकांनी स्टॉल देताना आणि वृत्तपत्रांनी जाहिरात घेताना परवाना क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस कोणीतरी बसून येणाऱ्या कुटुंबाला या नोंदवह्या उघडून दाखवाव्यात. परदेशातली महाराष्ट्र मंडळे तिथल्या सल्लागारांविषयी विचारणा आली तर उत्तर देऊ शकतात. १९८३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. लोकप्रतिनिधींकडे महाराष्ट्रातून तीन मागण्या जायला हव्यात. विद्यार्थी आणि पीआरच्या सल्लागारांनाही नोंदणी बंधनकारक व्हावी. ती नोंदवही मराठीत आणि मोबाइलवर पाहता यावी. आणि रद्द झालेल्या परवान्यांची, त्यामागच्या माणसांच्या नावांसह, नोंद तिथे कायम राहावी, म्हणजे एका जिल्ह्यात लोकांना बुडवलेला एजंट दुसऱ्या जिल्ह्यात नवी पाटी लावून बसला, तरी तिथल्या कुटुंबाला त्याचा पूर्वेतिहास पहिल्याच दिवशी वाचता येईल.